पतीने कळवलेल्या पहिल्या दोन महिन्यांच्या अनुभवावरून जर्मनीला जाण्याचा निर्णय घ्यावा का?

जुळे सोलापूर (प्रश्न)

नमस्कार. माझे पती नोव्हेंबरच्या सुरुवातीला नोकरीनिमित्त जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावी गेले आहेत. ते यंत्रांच्या आरेखनाचे काम करतात आणि त्यांना ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी माणसांना तिथे राहून नोकरी करण्यासाठी मिळणारा परवाना, मिळालेले आहे. मी सोलापुरातच एका टॉवेल कारखान्यात हिशेब पाहते. मुलगी तिसरीत आहे आणि सासूबाई आमच्याकडेच असतात. मुलीची वार्षिक परीक्षा झाली की एप्रिलअखेर आम्ही दोघींनी तिकडे जायचे आणि सासूबाईंनी माझ्या नणंदेकडे पुण्याला राहायचे, असे सर्वांच्या संमतीने ठरले होते.

सुरुवातीला त्यांच्या बोलण्यात फार उत्साह होता. नळाला चोवीस तास पाणी असते आणि तेच पाणी थेट पितात, पायी चालणाऱ्यासाठी मोटार थांबते, एकाच मासिक तिकिटावर देशभरातील साध्या रेल्वेगाड्या आणि बस चालतात, हे सगळे ते भरभरून सांगत. चार-पाच दिवसांआड येणारे पाणी पिंपात साठवणाऱ्या आम्हाला त्यातील पहिल्याच गोष्टीचे अप्रूप वाटले होते. डिसेंबर लागला आणि सूर बदलला. सकाळी अंधारात कामावर जायचे आणि अंधारातच परत यायचे, इमारतीत कोणी कोणाशी बोलत नाही, रविवारी सगळे गाव बंद असते, आणि टपालपेटीत रोज एखादे न समजणारे सरकारी पत्र पडलेले असते, असे ते सांगू लागले. एकदा संध्याकाळी घरी आले तर दाराच्या मुठीला कोणीतरी एक लहानशी पाटी अडकवून ठेवलेली होती. जिना झाडण्याची पाळी आता त्यांची आहे, असा तिचा अर्थ निघाला. शेजाऱ्याने बेल न वाजवता, एक शब्दही न बोलता पाटी अडकवून निघून जावे, हे त्यांना फार लागले.

परवा सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावरून मी त्यांना व्हिडिओ कॉल केला. मागचा गलबला ऐकून ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, आणि नंतर म्हणाले की, तुम्ही दोघी एवढ्यात येऊ नका, वर्षभर मी एकटाच राहून पाहतो. त्यांच्या मनाला जे वाटते ते खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. परंतु परक्या देशात पहिल्या दोन-तीन महिन्यांत होणारे मत पुढे कितपत टिकते, त्यातील कशावर विश्वास ठेवावा आणि कशाला थोडा अवधी द्यावा, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. एप्रिलमध्ये जावे की वर्षभर थांबावे, हे मला फेब्रुवारीत ठरवावेच लागेल.

बाळीवेस

ताई, मी मूळचा बाळीवेशीतला आणि गेली बरीच वर्षे श्टुटगार्टच्या परिसरातच राहतो. आपल्या पतीने सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी आहे, मात्र त्यांपैकी काही त्या देशाच्या आहेत आणि काही केवळ त्या ऋतूच्या आहेत.

प्रथम अंधाराविषयी लिहितो, कारण माझ्या मते बाकीच्या सगळ्या तक्रारी त्याच्यामुळे दुप्पट वाटतात. सोलापुरात वर्षातील सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे अकरा तासांचा असतो, त्यामुळे दिवस लहान होतो म्हणजे नेमके काय होते, याची आपल्याला कल्पनाच नसते. श्टुटगार्टला डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सकाळी सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेचारला मावळतो, आणि मधले आठ तासही बहुतेक वेळा ढगाळ असतात. कार्यालयात काम करणाऱ्या माणसाला आठवडाभर ऊन दिसत नाही. झोप बिघडते, जेवणावरची वासना जाते, आणि एरवी ज्या गोष्टीकडे माणूस दुर्लक्ष करील ती मनाला लागून राहते. यावर इथे सगळेच करतात तो उपाय साधा आहे. दुपारच्या सुटीत जेवण लवकर आटोपून, थंडी असली तरी, अर्धा तास बाहेर चालायचे. याच गावात जूनमध्ये दिवस सोळा तासांचा होतो आणि रात्री साडेनऊला सूर्य मावळतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात आणि भारताशी असलेले साडेचार तासांचे अंतर साडेतीन तासांवर येते, त्यामुळे फोनची वेळही सोयीची होते. म्हणून या देशाविषयीचे कोणतेही मत मे महिना पाहिल्याशिवाय पक्के करू नये, असे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो.

आता शेजाऱ्यांविषयी. आपल्याकडे नवे बिऱ्हाड आले की समोरच्या घरातून चहा येतो, पाणी कधी येते ते सांगितले जाते, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या वाड्याला सगळे कळलेले असते. म्हणजे विचारपूस करण्याची जबाबदारी जुन्या रहिवाशांची असते. इथे ही जबाबदारी नव्याने आलेल्या माणसाची मानली जाते. त्याने पहिल्या काही दिवसांत आपण होऊन वरच्या-खालच्या घरांची बेल वाजवावी, नाव सांगावे, आपण कुठून आलो आणि कुठे काम करतो हे सांगावे, अशी अपेक्षा असते. शेजारी स्वतःहून येत नाहीत, कारण तसे जाणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणे, असे त्यांना वाटते. आपले लोक त्यांची वाट पाहतात, ते आपली वाट पाहतात, आणि दोन्ही घरांत एकमेकांविषयी तुटकपणाचा समज होऊन बसतो. आपल्या पतीने आजही जाऊन बेल वाजवली तरी चालेल, उशीर झाला असे कोणी म्हणणार नाही. सोबत शेंगदाण्याच्या चटणीची लहानशी बाटली नेली तर फारच उत्तम, मात्र ती तिखट असल्याचे अवश्य सांगावे.

ती पाटी त्यांच्या मनाला लागली हे वाचून मला वाईट वाटले, कारण तिचा अर्थ त्यांना वाटला त्याच्या बरोबर उलट आहे. श्वाबन प्रदेशात, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपास, ‘केअरवोखं’ नावाची फार जुनी पद्धत आहे. तिचे मूळ पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या नगरनियमांत सांगितले जाते. इमारतीतील प्रत्येक घराने आठवड्याच्या पाळीने जिना, तळघराची वाट आणि घरासमोरचा पदपथ झाडायचा, बर्फ पडले तर तेही बाजूला करायचे. ज्याची पाळी संपली तो शेजारच्या दाराला पाटी अडकवतो. ती नेहमी न बोलताच अडकवली जाते, कारण त्यात सांगण्यासारखे काही आहे असे कोणालाच वाटत नाही. तुम्हाला पाटी मिळाली याचा अर्थ तुम्हाला घरातला धरले. शनिवारी जिना नीट झाडून, पुसून, पाटी पुढच्या दाराला लावली की त्या इमारतीत जेवढा मान मिळतो तेवढा महिनाभर गोड बोलूनही मिळत नाही.

रविवारची शांतता मात्र कायमची आहे. तिला १९१९च्या वायमार राज्यघटनेचा आधार आहे, आणि ते कलम १९४९च्या मूलभूत कायद्याने, म्हणजे जर्मनीच्या सध्याच्या राज्यघटनेने, तसेच स्वीकारले. रविवारी दुकाने बंद असतात, भिंतीला भोक पाडता येत नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्याही सार्वजनिक पेटीत टाकायच्या नसतात. पहिल्या हिवाळ्यात ही शांतता खायला उठते हे खरे आहे. पुढे बहुतेकांना ती आवडू लागते, काहींना कधीच आवडत नाही, आणि यात कोणाचाच दोष नसतो.

पत्रांना भिऊ नये. नगरपालिकेत नावनोंदणी झाली की अकरा अंकी करक्रमांक टपालानेच येतो, बँकेची कागदपत्रे टपालाने येतात, आणि रेडिओ-दूरचित्रवाणीसाठी घरटी महिन्याला १८.३६ युरोंची मागणीही टपालाने येते. ही शेवटची मागणी फसवणूक समजून अनेकजण फेकून देतात, तसे करू नये, ती कायदेशीर असते. टपालपेटीवर आडनाव ठळक लिहिलेले असावे, नाहीतर पत्र परत जाते.

चाटी गल्ली

वरील उत्तर फार चांगले आहे, परंतु त्यातील एका मुद्द्याशी मी सहमत नाही. मी स्वतः उमेदीची वर्षे मस्कतला नोकरीत काढून सोलापूरला परत आलो, आणि माझा मुलगा सध्या कॅनडात आहे, म्हणून दोन्ही टोकांचा अनुभव लिहितो.

मे महिना पाहून मत बनवा, हा सल्ला मला अपुरा वाटतो. हिवाळा दर वर्षी येणार आहे. जो माणूस जूनमध्ये जातो त्याचे पहिले मत फार छान होते आणि तेच नोव्हेंबरात मोडते. उलट आपले यजमान सर्वांत कठीण काळात गेले आणि नोकरी सांभाळून उभे आहेत, ही माझ्या दृष्टीने जमेची बाजू आहे. ताई, आपणही एप्रिलमध्ये गेलात तर पहिले सहा महिने सगळे उजेडात जाईल, आणि पुढच्या डिसेंबरला आपल्याला आणि मुलीला तेच सोसावे लागेल. ते आताच गृहीत धरून जावे.

दुसरी गोष्ट फोनविषयी. चांगल्या गोष्टीची माणसाला आठवड्यात सवय होते आणि मग ती बोलण्यात येत नाही. खुपणारी गोष्ट मात्र रोज नव्याने खुपते आणि रोज सांगितली जाते. आपले यजमान नळाच्या पाण्याविषयी आता बोलत नाहीत, याचा अर्थ नळ बंद झाला असा होत नाही. त्यामुळे ‘कसे चालले आहे’ असे मोघम न विचारता नेमके विचारावे. दुपारी कोणाबरोबर जेवलात, वरिष्ठांनी आरेखनावर काय शेरा दिला, गावात दवाखाना कोणता आहे, या आठवड्यात जर्मन भाषेचा वर्ग झाला का. अशा प्रश्नांना उत्तर देताना माणूस आपोआप दिवसभराचे सांगतो. माझी पत्नी मला मस्कतला पत्रातून असेच विचारत असे, आणि ती पत्रे लिहिताना माझ्याच लक्षात येत असे की दिवस अगदीच वाईट गेलेला नाही.

भाषेवर मात्र कोणतीही सवलत घेऊ नये. आपल्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. बाकीचे चौघे परतले, ते राहिले. चिनी भाषा शिकले, तिथेच संसार मांडला आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. युद्धभूमीवर जखमींची सेवा करणाऱ्या माणसाला ती भाषा शिकायला वेळ मिळाला, तर कारखान्यातून संध्याकाळी पाचला सुटणाऱ्या माणसालाही मिळू शकतो. भैय्या चौकाजवळ त्यांचे स्मारक आहे, मुलीला जाण्यापूर्वी एकदा दाखवून आणावे.

सासूबाईंविषयी आपण एकच वाक्य लिहिले आहे. त्यांना पुण्याला राहायचे आहे का, हे त्यांना एकदा एकटीला विचारावे. आमच्या पिढीतील माणसे चारचौघांत ‘हो’ म्हणतात.

पूर्व भाग

ताई, मी आपल्यासारखीच पतीच्या मागून मुलाला घेऊन बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथेच, आले. माझे माहेर आणि सासर दोन्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. त्यामुळे मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते ते आपल्या मुलीविषयी, कारण वर्षभर थांबण्याचा परिणाम आपल्या दोघांपेक्षा तिच्यावर अधिक होणार आहे.

इथे प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते. त्यानंतर मुले वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात, आणि मुलाने कोणत्या शाळेत जावे याविषयी शिक्षकांची शिफारस महत्त्वाची असते. पुढील शाळेची नोंदणी चौथीच्या वर्षातच, हिवाळा संपता संपता होते. आपण या एप्रिलअखेर आलात तर मुलीला तिसरीचे जवळजवळ तीन महिने मिळतील, कारण उन्हाळी सुटी जुलैच्या अखेरीस लागते, आणि सप्टेंबरपासून चौथीचे पूर्ण वर्ष हाताशी राहील. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी अनेक शाळांत पूर्वतयारीचा वेगळा वर्ग असतो. त्यात मुख्यतः जर्मन शिकवतात आणि गणित, चित्रकला, खेळ अशा विषयांना मुलांना नेहमीच्या वर्गात बसवतात. आपण वर्षभर थांबलात तर ती चौथीच्या अखेरीस, भाषेचा एक शब्द येत नसताना, विभागणी होऊन गेल्यावर इथे पोहोचेल. पुढे शाळा बदलता येते, मार्ग कायमचा बंद होत नाही, पण मुलीला दुप्पट कष्ट पडतील. मुलगी सोलापूरची आहे हे विसरू नका. आमच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि गल्लीत कन्नड व उर्दू अशा वातावरणात माझा मुलगा वाढला होता, आणि नवी भाषा कानावर पडली की घाबरायचे नसते हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

माझ्या स्वतःच्या पहिल्या मतांपैकी एक सांगते. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला सांगितले की, मुलाला फाटकापर्यंत सोडायला येऊ नका, त्याला वाटेवरच्या मुलांबरोबर चालत पाठवा. सकाळी साडेसातचा अंधार, अनोळखी गाव आणि सात वर्षांचा मुलगा. इथे मुलांची काळजीच करत नाहीत, असे माझे मत त्या दिवशी झाले. नंतर पाहिले तर प्रत्येक दप्तरावर प्रकाश पडताच चमकणारे पट्टे होते, शाळेने सुरक्षित वाटेचा नकाशा छापून दिलेला होता, आणि मोठ्या रस्त्यावर मुलांना पलीकडे नेण्यासाठी माणसे उभी असत. मुलाने एकट्याने शाळेत येणे हा त्यांच्या दृष्टीने शिक्षणाचाच भाग आहे. माझे मत बदलायला काही महिने लागले, आणि तेही पूर्ण बदलले असे म्हणणार नाही. बर्फाच्या दिवसांत मी आजही खिडकीत उभी राहते.

आपल्यासाठीही काही गोष्टी सांगते. पती ब्लू कार्डधारक असल्यामुळे व्हिसासाठी आपल्याला जर्मनची पहिली परीक्षा देण्याची सक्ती नाही. तरीही फेब्रुवारीपासूनच वर्ग सुरू करावा, पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनाचे ऑनलाइन वर्गही असतात. आपल्याला इथे नोकरी करण्याची परवानगी आपोआप मिळते. पती सरकारी आरोग्य विम्यात असतील तर आपली कमाई सुरू होईपर्यंत आपण दोघी वेगळा हप्ता न भरता त्यांच्या विम्यात येता. अडचण वेगळीच आहे. प्राथमिक शाळा अनेक ठिकाणी दुपारी बारा-एकलाच सुटते, त्यानंतर मूल सांभाळण्याची सोय गावागणिक वेगळी आहे, आणि पूर्ण दिवसाच्या सोयीचा जो कायदेशीर हक्क ऑगस्ट २०२६पासून मिळणार आहे तो सुरुवातीला फक्त पहिलीच्या मुलांना आहे. म्हणजे आपल्याला पहिले वर्ष बहुधा घरी राहावे लागेल. स्वतःच्या पगारावर चालणाऱ्या बाईला हे वर्ष जड जाते. देश कसा आहे यापेक्षा आपण रिकाम्या बसलो आहोत, हेच मनात घोळते. त्या वर्षात सकाळचा भाषेचा वर्ग मिळवा, म्हणजे घराबाहेर पडण्याला कारण राहते आणि आपल्यासारख्याच इतर देशांतील बायका भेटतात. मला पहिली मैत्रीण तिथेच मिळाली, ती सीरियाची होती.

खाण्यापिण्याची काळजी करू नये. ज्वारीचे पीठ भारतीय दुकानात मिळते, परंतु ते जुने असले तर त्याची विरी गेलेली असते आणि भाकरी थापताना चिरते. त्यात आधणाचे पाणी घालून मळले तर जमते. येताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरपूर आणाव्यात. तूप, खवा, पेढे आणू नयेत, कारण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणण्यास प्रवाशांना मनाई आहे. ताजा कढीपत्ताही चालत नाही, वाळवलेला चालतो.

जुळे सोलापूर

आपण तिघांनीही इतके मनापासून लिहिलेत, याबद्दल मी ऋणी आहे. काल ही सर्व उत्तरे पतींना वाचून दाखवली. पाटीविषयीचा परिच्छेद त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावला, आणि रविवारी खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडे जाऊन आपले नाव सांगून येतो, असे ते म्हणाले. मुलीच्या शाळेचा हिशेब मात्र आम्हा दोघांच्याही लक्षात आलेला नव्हता. त्यांना आमची आठवण येते म्हणून त्यांनी बोलावले असते तर मी विचारात पडले असते, आणि आपल्याला त्रास होतो तसा तुम्हाला होऊ नये म्हणून ते थांबा म्हणत होते, हे आता मला समजते आहे. सासूबाईंशीही बोलले. त्यांना पुण्याला जायचे नव्हतेच. त्यांच्या धाकट्या बहीण अक्कलकोट रोडला एकट्याच राहतात, त्यांना आपल्या घरी आणून दोघींनी मिळून राहावे, असे त्यांनीच सुचवले.

आम्ही एप्रिलअखेरची तयारी करत आहोत. एकच शंका उरली आहे. पती सध्या कंपनीने दिलेल्या एका खोलीत राहतात आणि आम्हा तिघांसाठी घर पाहत आहेत. शाळा आधी ठरवावी की घर?

पूर्व भाग

घर आधी, परंतु शाळा डोळ्यांसमोर ठेवून. इथे सरकारी प्राथमिक शाळेची हद्द पत्त्यावरून ठरते, त्यामुळे घर पक्के करण्यापूर्वी त्या पत्त्याला कोणती शाळा लागते, तिथे पूर्वतयारीचा वर्ग आहे का आणि दुपारनंतर मूल सांभाळण्याची सोय आहे का, हे तीन प्रश्न नगरपालिकेत विचारून घ्यावेत. घरभाड्याची जाहिरात वाचताना गरम पाणी, तापवण्याची यंत्रणा आणि इतर खर्च धरून एकूण किती, हे पाहावे. अनामत रक्कम मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही. अनेक घरांत स्वयंपाकघर म्हणजे नुसती मोकळी खोली असते, ओटा आणि शेगडी भाडेकरूने आणायची असते, म्हणून आधीच्या भाडेकरूकडून ते सामान विकत मिळते का, हेही विचारावे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नव्या पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो, तो किल्ली घेतानाच मागून घ्यावा.